नेता निवडायला दिलीच नव्हती, ती मतं

शिवसेना हे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्याकडे देताना निवडणूक आयोगाने एक बेरीज मांडली होती. तारीख १७ फेब्रुवारी २०२३. शिंदे यांच्यासोबत गेलेल्या ४० आमदारांना २०१९च्या विधानसभेत मिळालेली मतं ३६,५७,३२७. उद्धव ठाकरे यांच्याकडे राहिलेल्या १५ आमदारांची ११,२५,११३. एकूण ४७,८२,४४०. म्हणजे शेकडा ७६ एका पारड्यात आणि साडेतेवीस दुसऱ्यात. खासदारांचंही असंच गणित केलं होतं: १८ पैकी १३ शिंदे यांच्याकडे, त्यांची मतं ७४,८८,६३४, पाच ठाकरे यांच्याकडे, त्यांची २७,५६,५०९.

बातम्यांमध्ये '७६ टक्के' तेवढे आले. त्यावर दोन्हीकडून जे बोललं गेलं ते महाराष्ट्राला पाठ आहे, खोके आणि गद्दारीसकट. त्यात इथे शिरायचं नाही. या प्रकरणात मला रस आहे तो एका साध्या प्रश्नापुरता. मुंबईत जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या पक्षाचा नेता कोण, असा वाद आला, तेव्हा तो शेवटी कुणाच्या मतावर सुटला? आणि मतदानाचं वय १८ असावं की १६ यावर वाद घालताना आपण हा प्रश्न कधी विचारतच नाही, तो का?

आधी घटनाक्रम, थोडक्यात. २० जून २०२२ला विधान परिषदेची निवडणूक झाली आणि त्याच रात्री शिंदे आमदारांना घेऊन सुरतेला गेले, तिथून गुवाहाटीला. २१ जूनला ठाकरे यांनी शिंदे यांना गटनेतेपदावरून काढून अजय चौधरी यांना नेमलं. शिंदे गटाने उलट ठराव करून शिंदे हेच गटनेते आणि भरत गोगावले प्रतोद असं जाहीर केलं. २९ जूनला ठाकरे यांचा राजीनामा, ३० जूनला शिंदे यांचा शपथविधी. ऑक्टोबरमध्ये आयोगाने धनुष्यबाण गोठवला. एका गटाला मशाल मिळाली, दुसऱ्याला ढाल-तलवार. मग फेब्रुवारीतला तो निकाल.

आता मुद्द्याची गोष्ट. शिवसेनेच्या घटनेत पक्षप्रमुख कसा निवडायचा हे लिहिलेलं होतं. प्रतिनिधी सभेने निवडायचा, पाच वर्षांसाठी. उद्धव ठाकरे २३ जानेवारी २०१८ला निवडून आले होते, म्हणजे आयोगापुढे वाद चालू असतानाच, २३ जानेवारी २०२३ला, त्यांची मुदत संपत होती. त्यांनी आयोगाकडे संघटनात्मक निवडणूक घेऊ द्यावी म्हणून परवानगी मागितली, ती मिळाली नाही. हा तपशील फारसा कुणाच्या लक्षात नाही, पण मला तो या सगळ्या प्रकरणात सर्वांत बोलका वाटतो. नेतृत्वाचा वाद मिटवण्यासाठी पक्षांतर्गत निवडणूक हा मार्ग कागदावर होता. ज्या क्षणी त्याची सर्वाधिक गरज होती, त्याच क्षणी तो बंद होता.

अर्थात निवडणूक झाली असती तरी काय झालं असतं? आयोगाने पक्षाच्या २०१८च्या घटनेवर जो मुख्य आक्षेप घेतला तो इथेच आहे. पक्षप्रमुखाला निवडणाऱ्यांत बहुतेक जण पक्षप्रमुखानेच नेमलेले. तो त्यांना नेमणार आणि ते त्याला निवडणार. ज्यांनी कुठल्याही शाखेचं कामकाज जवळून पाहिलं आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. गटप्रमुख, उपशाखाप्रमुख, शाखाप्रमुख, विभागप्रमुख ही उतरंड मुंबईत घट्ट बसलेली आहे. नळाला पाणी नसलं, पोलीस तक्रार घेत नसले, कुणाच्या आजीला केईएममध्ये खाट मिळत नसली की माणूस शाखेत जातो. ही व्यवस्था काम करते. पण शाखाप्रमुख त्या शाखेतल्या शिवसैनिकांनी मत देऊन निवडला, असं कुणी सांगत नाही. नाव वरून येतं, 'सामना'त छापून येतं, मग खाली हार आणि फटाके.

आयोगाचं म्हणणं असं की १९९९ साली आयोगाच्याच आग्रहावरून पक्षघटनेत काही लोकशाही तरतुदी आल्या होत्या, त्या २०१८मध्ये पुसल्या गेल्या, आणि २०१८ची दुरुस्ती आयोगाकडे दाखलही झाली नव्हती. म्हणून पक्ष कुणाचा हे पक्षघटनेवरून ठरवण्याची कसोटी बाद. संघटनेत बहुमत कुणाचं, ही कसोटीही निर्णायक ठरली नाही. दोन्ही गटांनी गठ्ठेच्या गठ्ठे प्रतिज्ञापत्रं दाखल केली होती, पण नक्की सदस्य कोण, पदाधिकारी कोण, याचीच ठाम यादी नसेल तर मोजायचं काय? उरली एकच कसोटी, निवडून आलेले आमदार-खासदार कुणाकडे. ही कसोटी काही आयोगाने रातोरात शोधली नाही. १९६९ला काँग्रेस फुटली, त्यावरच्या सादिक अली प्रकरणात १९७१ साली सर्वोच्च न्यायालयाने तिला मान्यता दिली आहे आणि तेव्हापासून ती चालत आली आहे. पुढे राष्ट्रवादीच्या वादातही, ६ फेब्रुवारी २०२४ला, तिच्याच जोरावर घड्याळ अजित पवार यांच्याकडे गेलं.

पण कायद्याने चालणारी कसोटी आणि पटणारी कसोटी यात फरक असतो. तो पाहायला पुन्हा बेरजेकडे यावं लागतं.

आयोगाच्याच निकालात आणखी एक आकडा आहे. २०१९ला शिवसेनेच्या सर्व उमेदवारांना, जिंकलेल्या आणि हरलेल्या, मिळून पडलेली मतं ९०,४९,७८९. त्यांच्याशी तुलना केली तर ४० आमदारांची मतं होतात सुमारे ४० टक्के आणि १५ आमदारांची सुमारे १२ टक्के. मग उरलेली? वजाबाकी केली तर ४२,६७,३४९ मतं. जवळजवळ ४७ टक्के. ही मतं शिवसेनेलाच पडली होती, धनुष्यबाणावरच बटण दाबलं होतं, पण जवळपास सगळीकडे उमेदवार हरला म्हणून नेतृत्वाच्या वादात ती कुठल्याच पारड्यात नव्हती. सर्वांत मोठा ढीग हा होता, आणि तोच बाजूला राहिला.

मुंबईचा नकाशा समोर ठेवला की हे आकडे माणसांसारखे दिसायला लागतात. २०१९ला शहरात शिवसेनेचे १४ आमदार निवडून आले. अंधेरी पूर्वचे रमेश लटके यांचं मे २०२२मध्ये निधन झालं, म्हणजे उरले १३. त्यातले पाच शिंदे यांच्याकडे गेले: मागाठाणे, चांदिवली, कुर्ला, माहीम, भायखळा. आठ ठाकरे यांच्याकडे राहिले. आता माहीम घ्या. दादरचं सेनाभवन आणि शिवाजी पार्क याच मतदारसंघात. इथले आमदार सदा सरवणकर शिंदे यांच्याबरोबर, त्यामुळे सेनाभवनाच्या आजूबाजूच्या चाळींत आणि इमारतींत २०१९ला धनुष्यबाणाला पडलेलं एकूण एक मत शिंदे यांच्या खात्यात जमा. त्याच माहीममध्ये नोव्हेंबर २०२४ला सरवणकर हरले आणि ठाकरे यांच्या पक्षाचे महेश सावंत निवडून आले. मतदारांनी मधल्या काळात मन बदललं की २०१९लाच त्यांच्या मनात वेगळं होतं, हे बेरजेला कळण्याचं कारण नाही.

वांद्रे पूर्व तर त्याहून गमतीदार. 'मातोश्री' या मतदारसंघात येतं. २०१९ला इथे शिवसेनेचे विश्वनाथ महाडेश्वर हरले, काँग्रेसचे झिशान सिद्दिकी जिंकले. म्हणजे पक्षप्रमुखाच्या दारातल्या मतदारांची धनुष्यबाणावरची मतं त्या ४२ लाखांच्या ढिगात.

आणि मुलुंड, बोरिवली, विलेपार्ले, घाटकोपर, कुलाबा? युतीच्या वाटपात या जागा भाजपकडे होत्या. तिथला पिढीजात शिवसैनिक २०१९ला धनुष्यबाण शोधूनही सापडला नसता. त्याने कमळ दाबलं असणार, किंवा घरी बसला असणार. नेतृत्वाच्या हिशेबात तो शून्य. उलट कुर्ल्यातला एखादा भाजपचा कट्टर मतदार, ज्याने युतीधर्म म्हणून नाइलाजाने धनुष्यबाणाला मत दिलं, तो मात्र शिवसेनेचा नेता ठरवणाऱ्या ३६ लाखांत मोजला गेला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तो कदाचित हसला असता.

इथून वयाचा मुद्दा येतो. २०१९ची विधानसभा २१ ऑक्टोबरला झाली, पण मतदारयादी १ जानेवारी २०१९ या तारखेवर आधारलेली होती. त्या दिवशी १८ पूर्ण नसतील तर यादीत नाव नाही. समजा लालबागचा एक मुलगा आहे, ऑगस्ट २००१चा जन्म. मतदानाच्या दिवशी तो १८ वर्षं दोन महिन्यांचा होता. केंद्राबाहेर टेबल टाकून त्याने दिवसभर मतदारांना स्लिपा शोधून दिल्या असतील, पण त्याला स्वतःला मत नव्हतं. आयोगाचा निकाल लागला तेव्हा तो २१ वर्षांचा, पदवीधर, बहुधा नोकरीला लागलेला. त्याच्या पक्षाचा नेता ठरवणाऱ्या बेरजेत तो नाही. १ जानेवारी २००१नंतर जन्मलेला महाराष्ट्रातला एकही माणूस त्या बेरजेत नाही. कागदावर मतदानाचं वय १८ असेल, पण या नेतृत्व-स्पर्धेत प्रत्यक्षात ते २२ होतं.

ज्या पक्षाने २०१०च्या दसरा मेळाव्यात आदित्य ठाकरे यांच्या हाती तलवार देऊन युवासेना उभी केली, त्या पक्षाची ही गोष्ट आहे. युवासेनेची ताकद खोटी नाही. सप्टेंबर २०२४मध्ये मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेच्या पदवीधर गटातल्या दहाच्या दहा जागा ठाकरे यांच्या युवासेनेने जिंकल्या. पण ती निवडणूक विद्यापीठाच्या कायद्याने होते, तिला मतदारयादी असते, मतपत्रिका असते, कोर्टात जाता येतं. युवासेनेतल्या पोराला आपल्या पक्षाचा प्रमुख निवडण्यासाठी तशी मतपत्रिका कधी हातात मिळालेली नाही.

मतदानाचं वय २१वरून १८वर आलं ते ६१व्या घटनादुरुस्तीने. डिसेंबर १९८८मध्ये संसदेने ती मंजूर केली आणि २८ मार्च १९८९पासून ती लागू झाली. बदल झाला तो कलम ३२६मध्ये, आणि ते कलम लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकांपुरतं आहे. त्यानंतर काही दुरुस्त्या झाल्या. आता यादीसाठी वर्षातून चार पात्रता तारखा आहेत आणि १७ पूर्ण झालेल्याला आगाऊ अर्ज करता येतो. तरी यादी कुठल्या तारखेची धरायची यावरून माणसं सुटतातच. जानेवारी २०२६च्या मुंबई महापालिका निवडणुकीला १ जुलै २०२५ची यादी धरली होती, त्यानंतर १८ पूर्ण केलेल्यांना पुढच्या वेळेपर्यंत थांबणं आलं. उमेदवारीचं वय लोकसभा-विधानसभेला २५ आहे. ते १८ करावं अशी शिफारस संसदीय स्थायी समितीने ऑगस्ट २०२३मध्ये केली, पुढे काही हललेलं नाही.

आपल्याकडे '१६ला मत द्यावं का' ही चर्चा अधूनमधून होते, बहुतेक वेळा ब्रिटनचं उदाहरण देऊन. स्कॉटलंडने २०१४च्या सार्वमतात १६ वर्षांच्यांना मत दिलं, आणि जुलै २०२५मध्ये ब्रिटनच्या सरकारने सगळ्या देशासाठी वय १६वर आणण्याचं जाहीर केलं. पण आपण एक गोष्ट पाहायची विसरतो. ब्रिटनमधल्या मजूर पक्षाचं सदस्य चौदाव्या वर्षी होता येतं. देशाचं मत मिळण्याआधी पक्षाचं मिळतं. आपल्याकडे काँग्रेस आणि भाजप दोघांच्याही घटनेत सदस्यत्वाचं वय १८ आहे आणि सदस्य झाल्यावरही अध्यक्ष निवडण्याचं मत नाही. ऑक्टोबर २०२२मध्ये काँग्रेसने अध्यक्षपदाची निवडणूक घेतली, त्याचं कौतुक करायलाच हवं, मल्लिकार्जुन खर्गे ७,८९७ आणि शशी थरूर १,०७२. पण तिथेही मत होतं ते सुमारे ९,९०० प्रतिनिधींना, साध्या सदस्याला नव्हे.

सदस्यांच्या मताने सगळं सोन्याचं होतं असंही नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्रिटनच्या हुजूर पक्षाच्या सदस्यांनी लिझ ट्रस यांना ८१,३२६ मतं देऊन नेता केलं, ऋषी सुनक यांना ६०,३९९. दीड महिन्यात ट्रस यांचा राजीनामा आला आणि सुनक आले ते खासदारांच्या पाठिंब्यावर, सदस्यांना न विचारता. तेव्हा आमदार-खासदारांनी नेता ठरवणं यात मुळातच पाप आहे असं मी म्हणणार नाही. फरक इतकाच की तिथे तो नियम आधीपासून सगळ्यांना माहीत होता. शिवसेनेत सदस्याला सांगितलं होतं प्रतिनिधी सभा ठरवेल, आणि ठरलं २०१९च्या आमदारकीच्या मतांवर. तीही युतीतली मतं.

१६ वर्षांच्या मुलांना अक्कल नसते, ती वाहवत जातात, असा आक्षेप नेहमीचा. मुंबईत तो ऐकताना मला जरा मौज वाटते. दहीहंडीच्या थरांवर चढायला १४ वर्षं पूर्ण झाली की पुरतं, हायकोर्टात २०१७ साली तीच मर्यादा राहिली. त्या हंड्यांचे आयोजक कोण असतात हे ठाण्या-दादरचे फलक सांगतात. सहाव्या थरावर चढायला, मोर्चात घोषणा द्यायला, समाजमाध्यमांवर विरोधकांशी भांडायला हे वय चालतं. पक्षाच्या शाखेत मतपेटीसमोर उभं राहायला चालत नाही. अक्कल हेच कारण असतं तर मतपेटी निदान चाळिशीतल्या शाखाप्रमुखासमोर तरी ठेवली गेली असती.

आणि यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. कलम ३२६ पक्षाला लागू होत नाही. पक्षाची नोंदणी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९-क कलमाखाली होते. त्यात राज्यघटनेशी, लोकशाहीशी निष्ठेची हमी द्यावी लागते, पण आतली निवडणूक कशी आणि कुणाच्या मताने घ्यायची हे तो कायदा सांगत नाही. उद्या एखाद्या पक्षाने ठरवलं की आमच्या शाखांमध्ये सोळाव्या वर्षापासून मत, तर दिल्लीला विचारावं लागणार नाही. आपल्याकडे १६ वर्षांचा प्रयोग करून बघायला याहून कमी धोक्याची जागा दुसरी नाही. उलट बाजूही याच कलमात आहे: पक्षाने आतली निवडणूक नावालाच घेतली, किंवा घेतलीच नाही, तरी आयोगाला नोंदणी रद्द करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगून ठेवलं आहे. म्हणून २०२३च्या निकालात आयोगाने पक्षांना आपली घटना आणि अंतर्गत निवडणुकांचा तपशील संकेतस्थळावर टाका, असा सल्ला दिला. सल्लाच. हुकूम द्यायला हातात दंडुका नाही.

पुढचा भाग लवकर आटोपतो. ११ मे २०२३ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा आदेश, राजकीय पक्षाचा असतो, विधिमंडळ पक्षाचा नव्हे, आणि पक्ष कोणता हे ठरवताना विधानसभा अध्यक्षांनी केवळ सभागृहातली डोकी मोजू नयेत. १० जानेवारी २०२४ला विधान भवनात अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी आमदारांच्या अपात्रतेवरचा निकाल वाचला. त्यांनी १९९९ची घटना धरली, २०१८ची आयोगाच्या दप्तरी नाही म्हणून सोडली, पक्षप्रमुखाला एकट्याने कुणाला काढण्याचा अधिकार नाही म्हटलं, आणि शेवटी आधार घेतला तो विधिमंडळातल्या बहुमताचा. डोकी पुन्हा मोजली गेली. अपात्र कुणालाच केलं नाही.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं आणि ते वजनदार आहे: नोव्हेंबर २०२४ला जनतेने निवाडा दिलाच की. शिंदे यांचे ५७ आमदार, ठाकरे यांचे २०. मुंबईत मात्र ठाकरे १०, शिंदे ६. पण यातला कुठला आकडा शिवसैनिकाचा आणि कुठला युती-आघाडीच्या मित्रपक्षांच्या मतदाराचा, हे २०१९इतकंच २०२४लाही सांगता येत नाही. मतदाराने आमदार निवडला, सरकार निवडलं. पक्षाचा नेता निवडण्यासाठी तो केंद्रावर गेलाच नव्हता.

आयोगाच्या निकालानंतर चार दिवसांनी, २१ फेब्रुवारी २०२३ला, शिंदे यांच्या शिवसेनेची राष्ट्रीय कार्यकारिणी भरली आणि शिंदे 'मुख्य नेते' असल्याचं तिने मान्य केलं. ठरावाने. दुसऱ्या बाजूला पक्षप्रमुख उद्धव ठाकरेच आहेत. या वादातून दोन पक्ष झाले. त्या लालबागच्या मुलाने यातला कुठलाही निवडला, तरी नेता निवडायची मतपत्रिका त्याला दोन्हीकडे मिळायची नाही.